समुद्र थंड, द्राक्षे आंबट

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण आपण सगळेच शाळेत शिकलो आणि पुढे मुलांना शिकवलीही. म्हणीतला कोल्हा आंबटपणाला नावे ठेवतो. पण दक्षिण अमेरिकेतील चिली देशात एक दरी अशी आहे, की तिथले द्राक्षबागायतदार फळातला आंबटपणा टिकावा म्हणून मुद्दाम थंड, धुकट आणि धोक्याची जमीन पसंत करतात. या दरीचे नाव कासाब्लांका. मोरोक्को देशात याच नावाचे प्रसिद्ध शहर आहे, ते वेगळे. चिलीतील कासाब्लांका ओळखली जाते ती तिथे तयार होणाऱ्या पांढऱ्या वाइनमुळे.

वाइन हा शिक्षकांच्या मासिकाचा विषय कसा, असे कोणी विचारेल. आम्हाला येथे पिण्याबद्दल काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते एका कार्यकारणाच्या साखळीबद्दल. या साखळीचे एक टोक प्रशांत महासागरात शे-दोनशे मीटर खोलीवर आहे आणि दुसरे टोक द्राक्षाच्या मण्यातील एका रेणूत आहे. मधल्या कड्या भूगोल, भौतिकी, रसायन आणि वनस्पतिशास्त्र या चारही विषयांच्या आहेत. आपण हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवतो. मण्याच्या बाबतीत मात्र ते एकाच वेळी काम करतात.

जम्मूइतकी दूर, तरी थंड

नकाशाची वही उघडून पाहू. कासाब्लांका दरी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३३ अंशांवर आहे. सान्तियागो ही चिलीची राजधानी आणि व्हालपारायसो हे बंदर यांना जोडणारा रस्ता या दरीतूनच जातो. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून जवळपास एवढ्याच अंतरावर आपले जम्मू शहर आहे. जम्मूला जून महिन्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या घरात जातो. कासाब्लांकात भर उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत (दक्षिण गोलार्धातले ऋतू आपल्या उलट असतात हे मुलांना सांगायला हवे), दुपारचे तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते १० अंशांजवळ उतरते.

अक्षांश जवळपास सारखे आणि तापमानात एवढा फरक! उंचीमुळे असेल म्हणावे, तर दरीची समुद्रसपाटीपासूनची उंची दोन-चारशे मीटरच आहे, म्हणजे जम्मूसारखीच. मग उरतो तो समुद्र. दरीपासून तो सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि दरी त्याच्या बाजूला उघडी आहे.

पण समुद्र जवळ असला म्हणजे हवा थंड, असेही म्हणता येत नाही. मुंबई आणि रत्नागिरी तर समुद्राला लागूनच आहेत, आणि तिथली रात्र कशी असते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. अरबी समुद्राचे पृष्ठभागावरील पाणी आपल्या किनाऱ्याजवळ वर्षभरात साधारण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. व्हालपारायसोजवळचे पाणी मात्र उन्हाळ्यातही १४ ते १७ अंशच असते. तेव्हा खरा प्रश्न असा, की तिथला समुद्र इतका थंड का?

पाणी वर कसे येते?

जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०२ साली पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्राचे तापमान मोजले आणि ते त्या अक्षांशाच्या मानाने फार कमी असल्याची नोंद केली. तिथल्या कोळ्यांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती, पण तापमापकाने मोजून लिहून ठेवल्यामुळे त्या प्रवाहाला पुढे हम्बोल्टचे नाव मिळाले. शालेय पुस्तकांत तो 'पेरूचा थंड प्रवाह' म्हणूनही भेटतो. दक्षिणेकडून, म्हणजे ध्रुवाच्या बाजूने, हे पाणी किनाऱ्याला धरून उत्तरेकडे वाहते.

एवढ्याने सगळा खुलासा होत नाही. दक्षिणेचे पाणी थंड खरे, पण किनाऱ्यालगतचा पट्टा आत खोल समुद्रातल्या पाण्याहूनही थंड आढळतो. याचे कारण समजायला आणखी शंभर वर्षे लागली. फ्रित्योफ नान्सेन याने १८९३ ते १८९६ या काळात आपले 'फ्राम' जहाज उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकवून वाहू दिले होते. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न सरकता थोडा उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपले. याचे गणित स्वीडनच्या व्ही. डब्ल्यू. एकमान याने मांडले आणि त्याचा प्रसिद्ध निबंध १९०५ साली आला. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहणाऱ्या पाण्याची दिशा वळते. उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळते आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे. वरचा थर खालच्या थराला ओढतो आणि तो आणखी थोडा वळतो. वाऱ्याचा प्रभाव पोचतो तेवढ्या सगळ्या थरांची बेरीज केली, तर पाणी एकूण वाऱ्याच्या दिशेशी काटकोन करून सरकते.

आता हे चिलीला लावून पाहा. तिथे उन्हाळ्यात वारा किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलो तर डावा हात पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे येतो. त्यामुळे पृष्ठभागावरचे ऊन लागून तापलेले पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. रिकामी झालेली जागा भरायला बाजूने पाणी येऊ शकत नाही, कारण तिथे जमीन आहे. म्हणून ते खालून वर येते. हे खालचे पाणी थंड असते आणि त्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्येही भरपूर असतात. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर मासळी एवढी मुबलक का, याचे उत्तरही यातच आहे.

खारे वारे आणि सकाळचे धुके

समुद्राचा थंडावा दरीत पोचवण्याचे काम हवा करते, आणि ते दोन पाळ्यांत होते.

पहिली पाळी सकाळची. दमट हवा थंड पाण्यावरून जाताना खालून गार होते, तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि धुके तयार होते. या भागावर उन्हाळ्यात मोठ्या जास्त दाबाच्या क्षेत्राचा अंमल असतो. त्यात वरची हवा खाली उतरताना दाबली जाऊन तापते. त्यामुळे खाली थंड हवा आणि वर तिच्यापेक्षा उबदार हवा, असा उलटा क्रम तयार होतो. यालाच आपण तापमानाची विपरीतता म्हणतो. वरची उबदार हवा झाकणासारखी बसते आणि धुक्याला वर जाऊ देत नाही. ते दरीत शिरते आणि ऊन चढेपर्यंत, बहुधा दहा-अकरा वाजेपर्यंत, वेलींवर रेंगाळते.

दुसरी पाळी दुपारची. जमीन तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते. हेच आपले खारे वारे. कोकणातले खारे वारे २८-२९ अंशांच्या पाण्यावरून येतात, कासाब्लांकातले १५-१६ अंशांच्या पाण्यावरून. प्रक्रिया तीच, पण तिचा परिणाम मात्र अगदी वेगळा. दुपारी चढू पाहणारा पारा हे वारे खाली धरून ठेवतात. दरीच्या समुद्राकडील पश्चिम टोकाला हा परिणाम अधिक, पूर्वेकडे सान्तियागोच्या बाजूला कमी. म्हणून एकाच दरीत एकाच जातीची द्राक्षे पश्चिमेला उशिरा पिकतात.

१९८० पर्यंत चिलीतल्या द्राक्षबागा प्रामुख्याने डोंगररांगेच्या आतल्या बाजूच्या उबदार मैदानात होत्या. कासाब्लांका ही गुरे चारण्याची जागा होती. पाब्लो मोरांदे या वाइनतज्ज्ञाने १९८२ साली तिथे सुमारे २० हेक्टरवर वेली लावल्या. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरालगत कार्नेरोस नावाचा धुकट, थंड प्रदेश आहे. तिथले हवामान आणि या दरीचे हवामान यांतले साम्य त्याला जाणवले होते. आज या दरीत काही हजार हेक्टर बागा आहेत, आणि त्यांत सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शार्डने या दोन पांढऱ्या जाती पुढे आहेत.

मण्याच्या आत काय घडते?

आता आपण साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. द्राक्षाचा आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांमुळे असतो. एक टार्टारिक आम्ल. चिंचेचा आंबटपणाही बहुतांशी याचाच. दुसरे मॅलिक आम्ल. हिरव्या सफरचंदाची करकरीत चव याची असते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील याने १७८५ साली ते सफरचंदाच्या रसातून वेगळे केले, म्हणून सफरचंदाच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव पडले.

मणी लहान, कडक आणि हिरवा असतो तेव्हा त्यात ही दोन्ही आम्ले साठत जातात. कच्च्या मण्याच्या रसात लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपास मॅलिक आम्ल असू शकते. मग एक वेळ अशी येते की मणी मऊ पडू लागतो, त्याचा रंग बदलतो आणि पानांकडून येणारी साखर त्यात वेगाने भरू लागते. या टप्प्यावर मण्याच्या पेशी एक महत्त्वाचा बदल करतात. तोवर त्या श्वसनासाठी साखर वापरत असतात. आता साखर त्या साठवू लागतात आणि श्वसनासाठी इंधन म्हणून मॅलिक आम्लाकडे वळतात. म्हणजे पिकणारा मणी स्वतःचा आंबटपणा जाळून जगत असतो. टार्टारिक आम्ल मात्र जवळपास जळत नाही. मणी फुगल्याने ते पातळ होते, एवढेच.

श्वसन हे विकरांच्या मदतीने चालते आणि त्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. प्रकाशसंश्लेषण केवळ दिवसा चालते, पण श्वसन दिवसरात्र सुरू असते. म्हणून रात्र थंड असण्याला एवढे महत्त्व. २० अंशांची रात्र आणि १० अंशांची रात्र यांची तुलना केली, तर थंड रात्री जवळपास निम्मेच आम्ल खर्ची पडते. पिकण्याचा काळ पाच-सहा आठवड्यांचा धरला, तर हा फरक साठत जातो. उष्ण प्रदेशात तोडणीच्या वेळी रसात लिटरला एक-दोन ग्रॅमच मॅलिक आम्ल उरते. थंड प्रदेशात ते चार-पाच ग्रॅम किंवा अधिकही असू शकते.

मग आणखी थंड जागा का शोधू नये? कारण साखरही हवी. दिवसाचे ऊन मिळून पाने २५ अंशांच्या आसपास राहिली, तर प्रकाशसंश्लेषण चांगले चालते. कासाब्लांकात धुके विरल्यावर आकाश निरभ्र असते आणि उन्हाळ्यात पाऊस जवळपास पडत नाही. त्यामुळे दिवसा साखर तयार होते आणि रात्री आम्ल वाचते. साखर लिटरला २०० ते २२० ग्रॅमपर्यंत पोचते आणि तरीही रस आंबट राहतो. दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल बनते. तेव्हा या रसाच्या वाइनमध्ये १२ ते १३ टक्के अल्कोहोल येणार, हे वर्गातल्या मुलालाही काढता येईल.

आंबटपणा केवळ चवीसाठी नसतो. सामू ३.२ वरून ३.५ झाला, तर हायड्रोजन आयनांचे प्रमाण निम्म्यावर येते. रस जितका आम्लधर्मी, तितके नासवणारे जीवाणू त्यात कमी वाढतात. लोणच्यात लिंबू पिळण्यामागेही हेच रसायन आहे. उष्ण प्रदेशांत हे आम्ल नैसर्गिकरीत्या टिकत नाही, म्हणून तिथे रसात वरून टार्टारिक आम्ल मिसळण्याची पद्धत आहे.

ढोबळी मिरची आणि कृष्णफळ

सॉव्हिन्याँ ब्लाँची ओळख तिच्या वासावरून पटते. या वासाचे दोन मुख्य घटक आहेत. पहिला मेथॉक्सिपायराझिन गटातील संयुगांचा. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास याच संयुगांचा असतो. आपल्या नाकाची कमाल पाहा. यातील प्रमुख संयुग पाण्यात लिटरला सुमारे दोन नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन अब्जांशावा भाग असला तरी ओळखू येते. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल असा हौद पाण्याने भरला आणि त्यात याचे दोन ग्रॅम टाकले, तर हे प्रमाण होईल. फळ पिकताना ऊब आणि प्रकाश यांमुळे ही संयुगे कमी होत जातात, थंड जागी ती अधिक उरतात. फारच उरली तर वाइनला पालापाचोळ्यासारखा वास येतो. म्हणून बागायतदार घडांजवळची पाने विरळ करतात आणि ऊन आत येऊ देतात.

दुसरा घटक गंधकयुक्त संयुगांचा आहे. त्यांचा वास पपनस आणि कृष्णफळ यांच्यासारखा असतो. गंमत अशी, की द्राक्ष खाताना हा वास येत नाही, कारण ही संयुगे मण्यात अमिनो आम्लाशी बांधलेली असतात. किण्वनाच्या वेळी यीस्ट ही गाठ सोडवते तेव्हा वास मोकळा होतो.

अर्थात सगळे श्रेय हवेला देऊन चालणार नाही. चिलीत सॉव्हिन्याँ ब्लाँ म्हणून लावलेल्या अनेक वेली प्रत्यक्षात सॉव्हिन्यॉनास या वेगळ्या, कमी सुगंधी जातीच्या होत्या. १९९० च्या दशकात ही गल्लत निस्तरली गेली आणि नव्या लागवडीत खरी जात आली. थंड दरी आणि योग्य जात हे दोन्ही बदल जवळपास एकाच काळात झाले.

रसापासून वाइन करण्याची कृती थोडक्यात सांगायची, तर द्राक्षे लगेच पिळून साली बाजूला काढतात, थंड रस निवळू देतात आणि स्टीलच्या टाक्यांत १२ ते १६ अंशांवर किण्वन करतात. तापमान कमी ठेवण्याचे कारण असे, की नाही तर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर सुगंधही निघून जातो. शार्डनेच्या बाबतीत पुष्कळदा आणखी एक पायरी असते. काही जीवाणूंकडून मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करून घेतात. लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्याताकातले आम्ल. ते सौम्य असते आणि या क्रियेत ताज्या लोण्यासारखा वासही येतो. सॉव्हिन्याँ ब्लाँमध्ये ही क्रिया सहसा होऊ देत नाहीत, कारण तिथे सफरचंदी आंबटपणाच हवा असतो.

थंडीची किंमत

आतापर्यंत थंडीचे गुण गायले. पण तीच थंडी वैरीणही होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिथल्या वसंतात, वेलींना कोवळे फुटवे येतात. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल, तर रात्री जमीन उष्णता गमावत जाते आणि जड थंड हवा दरीच्या तळाशी साचते. तापमान शून्याखाली गेले की फुटव्यांच्या पेशी फुटतात. सप्टेंबर २०१३ मध्ये मध्य चिलीत असेच तीव्र हिमतुषार पडले आणि कासाब्लांकाच्या बागांना त्यांचा मोठा फटका बसला. त्या हंगामाचे पीक एका-दोन रात्रींत गेले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उंच खांबांवरचे मोठे पंखे. ते वरची किंचित उबदार हवा खाली आणून मिसळतात. दुसरा उपाय ऐकायला चमत्कारिक वाटतो. वेलींवर रात्रभर पाण्याचे तुषार सोडायचे आणि त्यांचा बर्फ होऊ द्यायचा! पण शिक्षकांना यातले विज्ञान लगेच कळेल. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो. जोवर बर्फावर नवे पाणी गोठत आहे, तोवर आतल्या फुटव्याचे तापमान शून्याच्या आसपास राहते आणि तो वाचतो. पाणी मध्येच बंद पडले, तर मात्र नुकसान अधिक होते.

आता हिशेब करा. ताशी साधारण तीन मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला तासाला ३० हजार लिटर होतात. आठ तासांच्या एका रात्रीत २ लाख ४० हजार लिटर. आणि कासाब्लांकाची अडचण नेमकी पाण्याचीच आहे. चिलीतील इतर अनेक दऱ्यांना अँडीज पर्वतावरील बर्फ वितळून येणारे नदीचे पाणी मिळते. कासाब्लांकाला तशी नदी नाही. ती हिवाळी पावसावर आणि विहिरींवर जगते. बागा ठिबकवरच आहेत. त्यातच २०१० पासून मध्य चिलीत अवर्षणाचा दीर्घ काळ सुरू झाला आणि तो दशकाहून अधिक चालला. विहिरीतले थोडके पाणी वसंतातल्या हिमतुषारांसाठी वापरायचे की उन्हाळ्यातल्या वेलींसाठी राखायचे, हा तिथला खरा पेच आहे. त्याच भूजलावर गावेही अवलंबून असतात, हे विसरून चालणार नाही.

आणि तापणाऱ्या पृथ्वीचे काय? येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळली. १९७९ ते २००६ या काळातील तापमानाच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मध्य आणि उत्तर चिलीत किनाऱ्यापासून आतल्या बाजूला अँडीजकडे तापमान वाढत गेले होते, पण समुद्र आणि किनारा मात्र दशकाला सुमारे ०.२ अंशाने थंड झाले होते. जमीन तापली, जास्त दाबाचे क्षेत्र बळावले आणि किनाऱ्यालगतचे वारे जोरात वाहू लागले की खालून अधिक पाणी वर येते, असा याचा अर्थ लावला जातो. पण तीस वर्षांचा कल म्हणजे कायमचा नियम नव्हे. म्हणूनच समुद्राच्या जवळ बाग लावणे ही केवळ चवीची निवड राहिलेली नाही, पुढच्या पन्नास वर्षांसाठी लावलेली ती एक पैज आहे. समुद्राने थंडावा पुरवला, तरी पाऊस आणि भूजल त्याच्या हातात नाही.

नाशिकने काय केले?

सॉव्हिन्याँ ब्लाँ ही जात नाशिकमध्येही आली आणि २००० सालापासून तिची वाइन तिथे तयार होत आहे. नाशिक २० अंश उत्तरेस आहे. जवळ थंड समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीचा थोडा आधार आहे, पण मे महिन्यात त्याचा काही उपयोग नाही. मग आम्ल वाचवायचे कसे?

नाशिककरांनी थंडी जागेत न शोधता पंचांगात शोधली. आपल्याकडे द्राक्षवेल हिवाळ्यात झोपत नाही, त्यामुळे छाटणीने तिचे वेळापत्रक ठरवता येते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड धरतात. मग मणी पिकू लागतात ते डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत, आणि उन्हाळा तापण्याआधी तोडणी होते. कासाब्लांकातला मणी समुद्रामुळे गार राहतो, नाशिकचा पौष-माघातल्या रात्रींमुळे. आत चालणारे श्वसन मात्र दोन्हीकडे एकच. फरक एवढाच, की नाशिकला थंडीची खिडकी छोटी आहे. ती हुकली तर फेब्रुवारी-मार्चचे ऊन आम्ल जाळून टाकते. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांची धास्ती आहेच.

वर्गात काय करता येईल?

१. द्राक्षांच्या हंगामात आंबट आणि पिकलेल्या द्राक्षांचा रस गाळून घ्या. दोन्हींचा १०-१० मिलिलिटर रस घेऊन ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करा. दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन वापरा, नसेल तर हळद चालेल. रंग बदलेपर्यंत लागलेल्या मिलिलिटरला ०.७५ ने गुणले, की लिटरमागे किती ग्रॅम आम्ल (टार्टारिक धरून) ते मिळते. सोडियम हायड्रॉक्साइड शिक्षकांनीच हाताळावे.

२. मोड आलेली मटकी दोन बाटल्यांत सारखी भरा. प्रत्येकीत चुन्याच्या ताज्या निवळीची छोटी कुपी ठेवून बूच घट्ट लावा. एक बाटली फ्रिजमध्ये आणि दुसरी वर्गात ठेवा. निवळी कुठे आधी पांढरी होते ते पाहा. थंड रात्री मण्यात काय वाचते, ते यातून मुलांच्या लक्षात येईल.

३. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ साली द्राक्षप्रदेशांची वर्गवारी करण्याची एक सोपी रीत दिली. दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि वाढीच्या हंगामातील सात महिन्यांच्या या वजाबाक्यांची बेरीज करायची. बेरीज सुमारे १३९० पर्यंत आली तर प्रदेश सर्वांत थंड गटातला. कासाब्लांका पहिल्या दोन थंड गटांत मोडते. वर्तमानपत्रातले आकडे घेऊन मुलांना आपल्या गावाची बेरीज काढू द्या.

ही बेरीज झाल्यावर मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा असे आम्ही सुचवू. दोन गावांची बेरीज सारखी आली, पण एका गावात दिवस आणि रात्र सारखीच उबदार आणि दुसऱ्यात दिवस गरम, रात्र थंड असेल, तर द्राक्षे कुठली अधिक आंबट होतील? बेरजेच्या आकड्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. ते मटकीच्या बाटल्यांत आहे.